लाकूडतोडीवर चाललेली घरे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जंगलातील तोडणीच्या कामावर ज्यांची घरे चालली, किंवा आज कशीबशी चालत आहेत, अशा वाचकांकडून गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. मी स्वतः सव्वीस वर्षे एका जंगल कामगार संस्थेचे हिशेब लिहिले असल्यामुळे काही उत्तरांत माझा अनुभव आणि माझी मतेही येतील. ती माझी मते म्हणूनच वाचावीत.

प्रश्न : माझे वडील वयाच्या सोळाव्या वर्षापासून कूपकटाईला, म्हणजे तोडणीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातली (कूपातली) झाडे तोडायला, जातात. आता ते बावन्न वर्षांचे आहेत. पूर्वी दिवाळीनंतर काम सुरू झाले की होळी उलटून गेली तरी ते संपत नसे. गेल्या दोन हंगामांत मिळून त्यांना जेमतेम दोन महिने काम मिळाले. आमचे काम बंद पडले आहे की नाही, हेच कोणी सांगत नाही. मी बारावी झालो आहे. मी त्यांच्याबरोबर जावे काय? — एक वाचक, बल्लारपूर तालुका

उत्तर : ‘काम बंद पडले आहे की नाही, हेच कोणी सांगत नाही’ हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. गिरणी बंद पडते तेव्हा फाटकावर नोटीस लागते, युनियन मोर्चा काढते, देणी किती आणि कोणाची याची यादी होते, आणि पुढे वीस वर्षांनीही अमुक तारखेला गिरणी बंद झाली असे सांगता येते. महाराष्ट्रातल्या लाकूडतोडीच्या वाट्याला अशी तारीख आलीच नाही. तोडणी आजही चालू आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातूनच साग रवाना झाला, तो आपण पाहिलाही असेल. दिवस मात्र एकेक करून गळत गेले, आणि गळलेल्या दिवसांची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात नसते.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ घरांत त्याचा दोष एखाद्या मुकादमाला किंवा नव्याने बदलून आलेल्या वनपालाला दिला जातो. रेल्वेच्या रुळांखाली एकेकाळी लाकडी स्लीपर असत आणि त्यांच्या मागणीवर कूपच्या कूप चालत. १९८० च्या दशकापासून त्यांची जागा काँक्रीटच्या स्लीपरांनी घेतली. शहरांतल्या जळाऊ लाकडाच्या वखारी गॅसच्या सिलिंडरने उठवल्या. वन विकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले तेव्हा मिश्र जंगल सरसकट तोडून तेथे साग लावणे हे त्याचे मोठे काम होते, आणि आपल्या वडिलांच्या पिढीला हंगामभर जे काम मिळाले त्याचा मोठा भाग तेथून आला. (आपल्याच मोहाची, तेंदूची, चारोळीची झाडे पाडून मजुरी मिळवायची, हा त्या सुबत्तेचा दुसरा चेहरा होता, तो जुनी माणसे फारशी बोलून दाखवत नाहीत, पण विसरलेलीही नाहीत.) १९८० च्या वन संवर्धन कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती झाली आणि नैसर्गिक वाढीचे जंगल साफ करून तेथे नवी लागवड करायची असेल, तर त्यालाही केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगलापासून मिळणारे उत्पन्न हे पर्यावरणाच्या समतोलापुढे दुय्यम ठरवले. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेर (जंगलाच्या व्यवस्थापनाच्या लेखी आराखड्याबाहेर) एकही झाड पाडता येईना. आता मुख्यतः जुन्या सागवनांची विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडे निवडून काढणे, एवढीच उरली आहे. विरळणीला सरसकट तोडीइतकी माणसे लागत नाहीत, आणि जेथे यांत्रिक करवत आली तेथे आणखी कमी लागतात.

यांपैकी बहुतेक निर्णय जंगलाच्या दृष्टीने योग्य होते असे माझे मत आहे. त्यांपैकी एकाही निर्णयात तोडणाऱ्या माणसाचे पुढे काय, यावर एक ओळदेखील नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

वडिलांच्या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. राज्य शासनाने ३१ जानेवारी १९९६ च्या निर्णयाने वन विभागातल्या रोजंदारी मजुरांना कायम केले, तेव्हा १ नोव्हेंबर १९९४ पर्यंत सलग पाच वर्षे, दरवर्षी किमान २४० दिवस काम केलेले असावे, अशी अट होती. रोपवाटिकेवर, नाक्यावर किंवा विश्रामगृहावर असलेल्या मजुराचे २४० दिवस भरत. कूपकटाईचा हंगामच पावसाळा संपल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाळ्याआधी संपतो. तेव्हा जंगलातले सर्वांत जोखमीचे काम करणारा माणूस त्या अटीत बसणे मुळातच कठीण होते. त्यामुळे वडिलांना पेन्शन का नाही, असा प्रश्न घरात निघत असेल, तर त्यात त्यांची काही चूक नव्हती हे त्यांना आवर्जून सांगावे.

आता करायच्या गोष्टी. वडिलांची ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी नसेल तर करून घ्यावी. श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेत प्रवेशाची वयोमर्यादा ४० वर्षे आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी त्या खिडकीवर रांग लावून उपयोग नाही. आपण स्वतः मात्र त्या वयोगटात बसता. त्यांनी कोणत्या वर्षी, कोणत्या कूपात, किती दिवस काम केले याच्या हजेरीपत्रकांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. जुने कागद नष्ट केले आहेत असे उत्तर येण्याचा संभव आहे. तेही लेखी घ्यावे.

आपल्यापुरते विचाराल, तर केवळ कूपकटाईवर घर उभारण्याचा विचार करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. तरीही वडिलांबरोबर एक हंगाम जरूर जावे. झाड कोणत्या बाजूला झुकले आहे, पडण्याच्या बाजूची खाच किती खोल घ्यायची, मागची काप तिच्यापेक्षा किती वर ठेवायची, वारा फिरला तर कोणत्या दिशेला बाजूला व्हायचे, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि ते कोणत्याही पुस्तकातून इतक्या लवकर येणार नाही. या ज्ञानाला आज शहरात मागणी आहे. नगरपालिकांना १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली धोकादायक झाडांची छाटणी रीतसर करून घ्यावी लागते आणि वीजवाहिन्यांवरच्या फांद्या दर पावसाळ्याआधी उतरवाव्या लागतात. दोर, कमरपट्टा आणि यांत्रिक करवत यांचे शिक्षण त्यात जोडले, तर हाताला काम मिळते. मात्र येथेही मध्ये ठेकेदार असतो, हे डोळ्यांआड करू नये. दुसरी वाट वनरक्षकाच्या भरतीची आहे. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी झालेल्यांना, आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवरही, अर्ज करता येतो, आणि पुरुषांना ५ किलोमीटर धावावे लागते. कूपकटाईला गेलेल्या घरातला मुलगा धावण्यात मागे पडत नाही. तो लेखी परीक्षेत मागे पडतो, म्हणून तयारी तेथे करावी. तिसरी वाट बांबूची आहे आणि चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आपल्यापासून दूर नाही. एकदा जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.

प्रश्न : कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पातल्या हत्तींना दरवर्षी सुट्टी मिळते, पायाला औषधी लेप मिळतो. त्याच जंगलात त्यांच्याबरोबर लाकूड ओढणाऱ्या माझ्या आजोबांना काय मिळाले? — एक वाचक, अहेरी तालुका

उत्तर : आपला टोला नेमका बसला आहे. हत्ती कमलापुरात आले ते पर्यटनासाठी नव्हे. आलापल्ली-सिरोंचाच्या जंगलातले जड ओंडके रस्त्यापर्यंत ओढून आणण्यासाठी वन विभागाने ते पाळले होते. ते काम संपले तेव्हा हत्ती सरकारी मालमत्तेच्या यादीत होते, म्हणून त्यांच्या चाऱ्याची, माहुतांची, चाराकटरांची तरतूद पुढेही होत राहिली, आणि थंडीत होणाऱ्या ‘चोपिंग’च्या वेळी त्यांच्या पायांना वनौषधींचा शेक मिळतो. आपले आजोबा त्या यादीत नव्हते. हत्तींचे कमी करा असे कोणीच म्हणणार नाही, आपणही म्हणत नाही. परंतु कमलापूरला जाणाऱ्या पर्यटकांसाठी एखादा फलक लावला आणि हत्तींच्या बरोबरीने ओंडके बांधणाऱ्या, साखळ्या अडकवणाऱ्या माणसांची माहितीही त्यावर दिली, तर खर्च फार होणार नाही. ग्रामसभेने तसा ठराव करून वन विभागाकडे पाठवावा.

प्रश्न : माझे सासरे जंगल कामगार सोसायटीचे सभासद होते. ते गेल्यावर ट्रंकेत भागाचा (शेअरचा) दाखला सापडला. सोसायटीला कित्येक वर्षे कूप मिळालेले नाही; कार्यालयाला कुलूप असते. माझे पती आता वीटभट्टीवर जातात. या दाखल्याला काही अर्थ उरला आहे काय? आणि ही सोसायटी मुळात कशासाठी काढली होती, तेही सांगावे. — एक वाचिका, जव्हार तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कागद कशाचा आहे हे कळल्यावाचून त्याची किंमत कळणार नाही.

आपल्या भागात जंगलातली तोड पूर्वी ठेकेदारांच्या हाती होती. ठेकेदार सरकारकडून कूप विकत घेई आणि वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी माणसांकडून ते तोडून घेई; मजुरी त्याच्या मर्जीची, वजनमाप त्याचे, उचल त्याच्याच दुकानातली. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. पुढच्या वर्षी हाच लढा जंगलतोडीच्या मजुरीपर्यंत पोचला आणि वारल्यांनी ठेकेदारांची झाडे पाडायला नकार दिला. १९४७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू केल्या. खेर स्वतः १९४० पासून आदिवासी सेवा मंडळाच्या कामात होते आणि त्यांच्या मनात ही कल्पना आधीपासून असणार. तरी कुऱ्हाडी थांबल्यानंतर वर्षभरातच ती अमलात यावी, हा निव्वळ योगायोग आहे असे म्हणायला माझे मन घेत नाही.

संस्थेची कल्पना साधी होती. ठेकेदाराला मधून काढायचे, कूप थेट तोडणाऱ्यांच्या संस्थेला द्यायचे, मजुरी ठरलेल्या दराने द्यायची आणि विक्रीतून उरलेल्या नफ्यातही त्यांना वाटा मिळायचा. ज्या माणसाच्या बापाने वेठ केली होती त्याच्या हाती भागाचा दाखला आला आणि वार्षिक सभेत उभे राहून ‘हिशेब दाखवा’ म्हणण्याचा अधिकार आला. सगळ्याच संस्था तशा चालल्या नाहीत. काहींमध्ये जुना ठेकेदारच पडद्यामागे राहिला, काहींमध्ये सचिव हाच नवा सावकार झाला. आमच्या संस्थेतही अशी दोन वर्षे गेली आणि त्या वर्षांची पाने लिहिताना माझा हात जड होत असे. तरी काही संस्थांनी नफ्यातून शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांना पैसा दिला, आणि आज पन्नाशी-साठीत असलेली कितीतरी शिकलेली माणसे त्या लाकडावर शिकली आहेत.

सरकारी कूपे कमी झाल्यावर या संस्था मुख्यतः मालकी प्रकरणांवर तगल्या. आदिवासी खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीवरचा साग व्यापाऱ्याने कवडीमोलाने नेऊ नये म्हणून १९६९ च्या कायद्याने अशा झाडांच्या विक्रीवर सरकारी देखरेख आली, आणि ती तोडण्याचे काम संस्थांकडे येऊ लागले. मालकीची मोठी झाडे संपत आली तसे तेही आटले. आपल्या सोसायटीचे कुलूप बहुधा तेव्हापासूनचे असावे.

आता दाखल्याविषयी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० नुसार सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे, आणि नामनिर्देशन नसेल तर वारसाकडे जातो. आपल्या पतींनी मृत्यूचा दाखला जोडून संस्थेकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात पोच घेऊन द्यावी. सभासदाला संस्थेची काही दप्तरे पाहण्याचा अधिकार कलम ३२ ने दिला आहे. भाग नावावर झाला की तो वापरावा. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला घेतली असल्यास, अर्ज ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे करावा लागेल. कागदोपत्री रक्कम फार मोठी निघण्याची आशा ठेवू नये, कारण हे भाग पाच-दहा रुपयांच्या काळातले आहेत. पण संस्थेच्या नावावर गोदाम, जागा किंवा ठेव आहे काय, हे सभासदच विचारू शकतो. बंद संस्थेच्या जागेवर कोणाचा तरी डोळा असतो; हे मी ऐकीव सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. वीटभट्टीची उचल घेऊन दिवाळीनंतर घर सोडायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हे वेळापत्रक हुबेहूब कूपकटाईचे आहे. हंगाम तोच, उचलही तीच. फक्त कूप आपल्या डोंगरात होते आणि सभा आपल्या गावात होत असे. त्यामुळे आपल्या सासूबाईंच्या काळी मुले शाळेत राहत आणि आता ती भट्टीवर जातात. आपल्या गावात मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते का, याची चौकशी शाळा सुरू होताच करावी. ऐन दिवाळीत केलेला अर्ज उपयोगी पडत नाही.

प्रश्न : आजोबा परतवाड्याच्या लाकूडबाजारात मापाडी होते. त्यांच्या वहीत ‘लांबी १२, घेर ४८, घ. फू. १२’ अशा नोंदी आहेत. मी अभियांत्रिकी शिकतो. माझ्या गणिताने हे लाकूड १५ घनफुटांच्या वर भरते. आजोबा चुकत होते की कोणाला फसवत होते? — एक वाचक, अचलपूर

उत्तर : आजोबांचा हिशेब बरोबर आहे, आणि आपलाही. लाकूडबाजारात गोल लाकडाचे माप चौथाई घेराने काढण्याची रीत होती. मधला घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. ४८ इंचांचा चौथा भाग १२ इंच, म्हणजे एक फूट. एकाचा वर्ग एकच, गुणिले १२ फूट, म्हणून १२ घनफूट. आपण वर्तुळाचे क्षेत्रफळ घेऊन गेलात, म्हणून आपल्याला सुमारे १५.२८ मिळाले. चौथाई घेराचे माप खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्के येते. गोल ओंडका आरामशीनवर चौकोनी करताना कडेच्या फळ्या आणि भुसा जाणार, म्हणून ती सूट मापातच धरली जाई. आणि कागद-पेन्सिलीवाचून डोक्यात करता येण्यासारखे हे गणित आहे, हेही या रीतीच्या दीर्घायुष्याचे कारण असावे.

घेणारा आणि देणारा दोघेही तेच माप धरत असल्याने भाव त्यानुसारच ठरे, त्यामुळे त्यात फसवणूक नव्हती. मात्र ज्याची मजुरी घनफुटावर ठरे त्या तोडणाऱ्याने कुऱ्हाड चालवली ती अख्ख्या ओंडक्यावर, आणि मोजला गेला तो सुटीनंतरचा ओंडका. दर ठरवताना ही तफावत धरली जाई काय, हे आजोबांच्या वहीत कोठे मजुरीचे दर असतील तर ताडून पाहता येईल. वही जपून ठेवावी. ओंडक्याच्या तोंडावर आणि जमिनीतल्या थुटावर एकच क्रमांक घालून हातोडा मारत, आणि तोच क्रमांक वाहतूक परवान्यावर चढे. झाडाचा माग अशा रीतीने जंगलापासून वखारीपर्यंत लावता येई. तोडणाऱ्याचे नाव त्या साखळीत कोठेच नसे. आपल्या वहीत चुकून एखाद्या टोळीच्या मुकादमाचे किंवा मजुराचे नाव आले असेल, तर ती ओळ फार मोलाची आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. माझे शेजारी तिसऱ्या पिढीचे लाकूडतोडे आहेत. ‘एका घुबडाने आमचे गाव खाल्ले’ असे ते म्हणतात. हे खरे आहे काय? आपल्याकडच्या परिस्थितीशी त्याची तुलना होईल का? — एक वाचक, बीव्हर्टन

उत्तर : शेजाऱ्यांचे दुःख खरे आहे, आरोपीची निवड मात्र अपुरी वाटते. ठिपकेदार घुबडाची उत्तरेकडची उपजाती जून १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदवली गेली, पुढच्या वर्षी न्यायालयाने तिच्या अधिवासातल्या सरकारी लाकडाच्या विक्रीला मनाई केली आणि १९९४ च्या वायव्य वन योजनेने केंद्र सरकारच्या जंगलांतली तोड पूर्वीच्या मानाने अगदी थोड्यावर आणली. एवढे झाले खरे. पण त्याच्या आधीच, १९८० च्या सुमाराच्या मंदीत, लाकूड कापण्याच्या गिरण्या बंद पडत होत्या. ज्या टिकल्या त्यांनी यंत्रे आणली आणि तेवढेच लाकूड पुष्कळ कमी माणसांकडून कापून घेतले. खासगी जंगलांतले अखंड ओंडके जपानला जात होते आणि त्यांच्याबरोबर ते कापण्याचे कामही जात होते. शिवाय जुने महावृक्ष संपत आलेच होते. घुबड नसते तर हा शेवट काही वर्षे लांबला असता. आजही ओरेगॉनमध्ये तोड चालू आहे, तीही बहुतांशी खासगी जंगलांत.

तुलना करायची तर मला दोन फरक दिसतात. तिकडे राष्ट्रीय जंगलांच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा १९०८ पासून स्थानिक रस्ते आणि शाळांसाठी काउंटीला (तिकडच्या जिल्ह्याला) मिळत असे, त्यामुळे तोड थांबली तेव्हा शिक्षकालाही झळ लागली आणि गावाचे गाव एका बाजूने बोलले. २००० साली त्यासाठी वेगळा कायदा करून पैसा द्यावा लागला. आपल्याकडे चंद्रपूरच्या सागाचा पैसा मुंबईच्या तिजोरीत जाई, त्यामुळे कूप बंद झाले तरी गावच्या शाळेचे छप्पर होते तसेच गळत राहिले आणि मास्तरांना त्याचा पत्ताही लागला नाही. दुसरा फरक असा की आपल्या शेजाऱ्यांची ओळख लाकूडतोडा ही आहे. ती त्यांच्या टोपीवर, ट्रकवर, गावाच्या जत्रेत आहे. आपल्याकडे त्याच कामाला ‘अकुशल मजूर’ हा रकाना मिळाला. शंभर फुटी झाड हव्या त्या दिशेला, खालच्या रोपाला धक्का न लावता आडवे करणारा माणूस अकुशल कसा, हा प्रश्न मी एका साहेबांना विचारला होता. त्यांनी चहा मागवला.

आपल्या शेजाऱ्यांना जमले तर एवढे सांगा, की चंद्रपूरकडेही अशीच घरे आहेत आणि तिकडे दोष वाघाला दिला जातो.

प्रश्न : आम्ही कोरकू. इंग्रजांच्या काळी जंगलतोडीसाठी माणसे हवीत म्हणून आमच्या पणजोबांना वनग्रामात वसवले, असे आजोबा सांगतात. आता तोड नाही, आणि जमिनीचा कागदही नाही. आजोबा ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही कोठे जावे? — एक वाचक, धारणी तालुका

उत्तर : आपले आजोबा सांगतात ते इतिहासाला धरून आहे. मेळघाटात वनग्रामे वसवली गेली ती मुळी कामासाठी. घर बांधायला आणि कसायला जागा द्यायची, त्या बदल्यात बोलावणे आले की कूपाला, रस्त्याला, आगीच्या पाळीला हजर व्हायचे, असा तो करार होता. फक्त त्याचा कागद मजुराच्या हाती कधी दिला गेला नाही. पुढे १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आला, तोड टप्प्याटप्प्याने आकसली, आणि ज्या कामासाठी माणसे आणली ते काम गेले तरी माणसे तेथेच राहिली.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आपल्यासारख्यांसाठी दोन दारे आहेत. एक, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवरचा वैयक्तिक हक्क, कमाल ४ हेक्टरपर्यंत. दुसरे, याच कायद्याच्या कलम ३(१)(ज) प्रमाणे वनग्रामाचे महसुली गावात रूपांतर. हा दावा ग्रामसभेने करायचा असतो. सामूहिक हक्कातून बांबू, तेंदू, मोह असे गौण वनोपजही ग्रामसभेच्या हाती येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क आणि २०११ मध्ये बांबूचे स्वतःचे वाहतूक परवाने मिळवले. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही, त्यामुळे हक्क मिळाला म्हणजे कूपकटाई पुन्हा सुरू होईल, अशी समजूत कोणी करून दिली तर ती मानू नये.

पुरावा कोठून आणायचा, ही आपली खरी अडचण असणार. नियमांनी केवळ सातबारा मागितलेला नाही. गॅझेटियर, जनगणना, वन विभागाच्या कार्य आयोजना अशा सरकारी दप्तरांना पुरावा मानले आहे, आणि तोडणीसाठी मजूर कोठून मिळणार हे साहेबाला लिहून ठेवावे लागे, म्हणून जुन्या कार्य आयोजनांत वनग्रामांचा उल्लेख सापडण्याची शक्यता चांगली असते. विभागीय कार्यालयाकडे त्या भागाच्या जुन्या कार्य आयोजनेची प्रत मागावी. त्याशिवाय दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही नियमांनी ग्राह्य धरला आहे. आपल्या घराच्या दाव्यासाठी शेजारच्या वृद्धांचा, आणि शेजाऱ्यांच्या दाव्यासाठी आपल्या आजोबांचा जबाब ग्रामसभेसमोर घ्यावा. कोणते कूप कोणत्या साली तोडले, टोळीत कोण कोण होते, झोपडी कोठे होती, हे ते सांगतील तसे कोरकूत लिहून घ्यावे आणि मराठी प्रत सोबत जोडावी. त्यांचे वय पाहता हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी उरकावे.